बायबल वाचूनही मन जडच राहतंय? वाचनातल्या या चुका टाळा

हा प्रश्न येतो तो खुर्च्या रचून ठेवायच्या वेळी. सगळे निघालेले असतात, एखादा उगाच रेंगाळतो आणि हळू आवाजात विचारतो, "दादा, मी रोज वचन वाचतो. तरी मला बरं का वाटत नाही?"

नगरच्या आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, शनिवारी संध्याकाळी तरुण संघाचा बायबल अभ्यास मी गेली १४ वर्षं घेतोय. (कागदावर आता अहिल्यानगर, जिभेवर अजून नगरच आहे.) बारावीची मुलं, नर्सिंगच्या मुली, पुण्याला नोकरी करून शनिवारी घरी येणारी पोरं असे सगळे असतात. प्रश्नामागे बहुतेकदा एक भीती दडलेली असते: माझा विश्वासच कमी पडत असेल. माझं मत आता पक्कं झालंय की विश्वास सहसा कमी नसतो, वाचायची रीत चुकलेली असते. आणि ती रीत संडे स्कूलपासून आम्ही मोठ्यांनीच लावलेली असते.

धर्म आणि मानसिक आरोग्य यांचा दीर्घ अभ्यास केलेले अमेरिकी मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गमेंट यांनी एक फरक दाखवून दिला आहे. संकटात देव सोबत आहे असं धरून त्याच्याकडे वळणारा माणूस आणि 'ही देवानं मला दिलेली शिक्षा आहे, त्यानं मला टाकलंय' असं धरून बसलेला माणूस, दोघंही भाविकच. पण या दुसऱ्या झगड्यात सापडलेल्यांमध्ये निराशा आणि चिंता जास्त दिसून येते. तेच पुस्तक, तेच पान. खाली लिहिलेल्या चुका माणसाला नकळत त्या दुसऱ्या बाजूला नेतात, असं मी पाहत आलोय.

संदर्भ तोडून एकच वचन घेणं

सगळ्यात जास्त दुखावणारी चूक हीच, म्हणून तिच्यावर जरा थांबतो.

यिर्मया या संदेष्ट्याच्या पुस्तकातलं २९:११, म्हणजे २९व्या अध्यायातलं ११वं वचन, तुम्ही कितीदा पाहिलं असेल! वाढदिवसाच्या कार्डावर, व्हॉट्सअॅपच्या स्टेटसवर, दहावीच्या मुलाच्या टेबलासमोर. देवाचे आपल्याविषयीचे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत. मूल ते पाठ करतं, परीक्षेला जातं, निकाल लागतो आणि प्रवेश हुकतो. मग त्याच्यापुढे दोनच वाटा उरतात: देव खोटा, नाहीतर मी पापी. भाविक घरातलं मूल दुसरी वाट धरतं.

आता त्याच्या मागचं दहावं वचन वाचा. तिथं ७० वर्षं लिहिली आहेत. हे मुळात एक पत्र आहे. यरुशलेमेहून बाबेलला (बॅबिलोनला) धरून नेलेल्या लोकांना यिर्मयानं ते पाठवलं, ख्रि. पू. ५९७ नंतरच्या काळात. त्यात तो सांगतो, घरं बांधा, मळे लावा, लग्नं करा, ज्या शहरात तुम्हाला नेलंय त्या शहराच्या कल्याणासाठी प्रार्थना करा. म्हणजे परतीला वेळ लागणार आहे. त्याच्या आधीच्या, २८व्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा भेटतो. तो लोकांना आवडेल असंच बोलतो: दोन वर्षांत सगळं पूर्ववत होईल. यिर्मया त्याला तोंडावर सांगतो की तू लोकांना खोट्यावर विसंबायला लावतोयस.

आमची मुलं वाचतात यिर्मया आणि त्यांना ऐकू येतो हनन्या. निकालानंतर कोसळतो तो हनन्याचा शब्द असतो, पण दोष यिर्मयाच्या देवाला लागतो. पत्र पूर्ण वाचलं तर त्याच वचनाचा आधार कमी होत नाही, उलट टिकाऊ होतो. मनाजोगतं घडलं नाही तरी इथंच घर बांधायचंय आणि देव इथंही आहे.

फिलिप्पै ४:१३ चंही तसंच. 'मी सर्वकाही करण्यास शक्तिमान आहे' हे जिममधल्या भिंतीवर दिसतं. प्रेषित पौल ते फिलिप्पै गावच्या मंडळीला कैदेतून लिहितोय आणि आदल्याच वचनात उपाशी राहायला आणि भरल्या पोटानं राहायला दोन्ही शिकलोय असं म्हणतोय. वचनांना आकडे पौलानं घातलेले नाहीत, हे मुलांना सांगितलं की त्यांचे डोळे मोठे होतात. नव्या कराराला आज जे वचनांक आहेत ते रोबेर एस्तियेन या फ्रेंच मुद्रकाच्या १५५१ सालच्या आवृत्तीतून आले. सोयीसाठी घातलेल्या आकड्यांच्या जागी आपण पुस्तक कापत बसलो.

उपाय साधा आहे. आवडलेल्या वचनाच्या आधीचा एक अध्याय आणि नंतरचा एक अध्याय वाचल्याशिवाय ते पाठ करू नका, कोणाला पाठवूही नका.

वाचन म्हणजे पोर्शन

बायबलमध्ये १,१८९ अध्याय. वर्षात संपवायचं म्हणजे रोज तीन-चार. १ जानेवारीला उत्पत्तीपासून सुरुवात झाली की उत्पत्तीचे ५० आणि निर्गमचे ४० उरकून महिनाअखेरीस गाडी लेवीय या तिसऱ्या पुस्तकापाशी येते, यज्ञबळींचे नियम सुरू होतात आणि तिथं रुतते. एक दिवस चुकला की दुसऱ्या दिवशी सात अध्याय, मग अकरा, मग ॲपवरचा तो सलग दिवसांचा आकडा शून्यावर. त्या शून्याकडे बघून रडलेली मुलगी मी पाहिलीय. देवानं आपल्याला नापास केलं, असंच तिला वाटलं होतं.

चुकलेले दिवस भरून काढू नका. आज जिथं आहात तिथून पुढं चला. आणि पहिल्यांदाच वाचत असाल तर मार्कचं शुभवर्तमान घ्या, १६ अध्याय, एका निवांत रविवारी दीड-दोन तासांत होतं. फिलिप्पैकरांस पत्र पाव तासाचं. पत्र आहे, पत्रासारखं एका बैठकीत वाचा. नंतर महिनाभर त्याच चार अध्यायांत राहिलात तरी काही बुडत नाही.

'चिंता करू नका' हा हुकूम समजणं

हे लिहिताना मला काळजी वाटते, कारण इथं चूक झाली तर ती अंगावर येते.

ज्याला चिंतेचा आजार आहे त्यानं 'कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका' वाचलं की त्याला चिंता होतेच, वर चिंता झाल्याचं पाप लागल्यासारखं वाटतं. निराशेनं खाटेवरून न उठणाऱ्या पोराला 'प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा' ऐकवलं की तो तोंड फिरवून झोपतो. मग आम्ही म्हणतो, प्रार्थनेत कमी पडतोय.

अशा वेळी १ राजे, १९वा अध्याय काढा. कर्मेल डोंगरावर एवढा विजय मिळवलेला संदेष्टा एलीया, ईजबेल राणीच्या धमकीनं पळतो, रानात एका झुडपाखाली बसतो आणि मरण मागतो. देवदूत त्याला काय सांगतो? ऊठ, खा. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी. तो खातो, पुन्हा झोपतो. दूत दुसऱ्यांदा येतो, पुन्हा तेच: खा, वाट तुला फार दूरची आहे. विश्वासावर एक शब्द नाही, रागावणं नाही. देवाशी बोलणं होतं ते नंतर, ४० दिवस चालून होरेब डोंगराला पोहोचल्यावर.

आणखी एक त्रास वेगळा ओळखायला हवा. मत्तयच्या १२व्या अध्यायातलं क्षमा न होणारं पाप आपल्या हातून घडलं, या भीतीनं काही मुलं पोखरून निघतात. मनात एक घाणेरडा विचार आला, मग पापकबुलीची प्रार्थना, ती नीट झाली नाही म्हणून पुन्हा, दिवसातून तीस वेळा. संदर्भ पाहिला तर येशू तिथं ज्यांना बोलतोय त्यांनी एका आंधळ्या-मुक्या माणसाला बरं झालेलं डोळ्यांनी पाहून ते बालजबुलाचं, म्हणजे सैतानाचं, काम ठरवलं होतं. भीतीनं थरथरणारं मूल त्या जागी उभंच नाही. पण हेही सांगतो, नुसता संदर्भ समजावून ही भीती जात नसेल, पुन्हा पुन्हा खात्री करून घ्यावी लागत असेल, तर ते मंत्रचळाचं, म्हणजे ओसीडीचं लक्षण असू शकतं. त्यावर उपचार आहेत. मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे, रात्रीही, आणि मराठीत बोलता येतं. पौलानंही आपला तरुण सहकारी तीमथ्य याला पोटाच्या दुखण्यावर त्या काळचा उपाय सुचवलाच होता: थोडा द्राक्षारस घे.

दुःखाची पानं उलटून जाणं

१५० स्तोत्रांपैकी आपण २३वं, ९१वं आणि १२१वं झिजवतो. बाकीच्यांत विलापाची स्तोत्रं केवढी तरी आहेत. ८८वं तर अंधारातच संपतं, शेवटी एकही आशेची ओळ नाही. तरी ते पवित्र शास्त्रात आहे आणि त्याची सुरुवात देवालाच हाक मारून होते. ज्याला आपली अवस्था देवासमोर बोलायला शब्द नाहीत त्याला हे स्तोत्र शब्द देतं. फक्त विजयाची पानं वाचणाऱ्या मुलाला वाटतं की रडका ख्रिस्ती म्हणजे नकली ख्रिस्ती.

आपली नसलेली भाषा

इंग्रजी माध्यमातली मुलं इंग्रजी ॲपवर वाचतात आणि घरात प्रार्थना मराठीत चालते. डोक्याचं एक, काळजाचं दुसरं. दुसरीकडे आपल्या मराठी बायबलातले 'नीतिमत्त्व', 'प्रायश्चित्त' असे शब्द त्यांना दगडासारखे लागतात.

पंडिता रमाबाईंना हे फार आधी कळलं होतं. केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या साध्या बायकांना समजावं म्हणून त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून आख्खं बायबल सोप्या मराठीत आणायला आयुष्याची शेवटची वर्षं दिली आणि १९२२ साली काम हातावेगळं करून त्या गेल्या. एकटीनं! वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल' याच वाटेवरचं. घरातलं जुनं भाषांतर आणि एक सोपं असं दोन्ही शेजारी ठेवा, आणि मोठ्यानं वाचा. माझी आजी फारशी शिकलेली नव्हती, बोट ठेवून एकेक शब्द उच्चारत वाचायची. तिच्या वाचण्यात घाई शिरायला जागाच नव्हती.

शंका दाबणं, एकटंच वाचणं

हे दोन्ही एकत्रच चालतं. प्रश्न विचारला की 'विश्वास ठेव' म्हणून गप्प केलं, मग मूल प्रश्न घेऊन रात्री रील्सकडे जातं आणि तिथं जो जास्त ठासून बोलेल तो त्याचा पाळक होतो. प्रेषितांची कृत्ये, १७व्या अध्यायात बिरुयाचे लोक खुद्द पौलाचं बोलणं शास्त्रात रोज ताडून पाहत होते, आणि ते पुस्तक लिहिणारा लूक त्यांना थोर मनाचे म्हणतो. आमच्या अभ्यासात आता पहिली १५ मिनिटं फक्त प्रश्न असतात. ज्याचं उत्तर मला येत नाही ते मी पाळकसाहेबांकडे घेऊन जातो आणि पुढच्या शनिवारी सांगतो.

दुसऱ्याच्या दुःखावर वचन चिकटवणं

सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे मित्र आले तेव्हा सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसले, एक शब्दही बोलले नाहीत. तेवढंच त्यांनी बरोबर केलं. बोलायला लागले आणि बिघडलं.

आमच्यात कोणी खचलेलं कळलं की आता दोघं जण जातो. डब्यात भाकरी-भाजी असते. बायबल पिशवीत असतं, त्यानं मागितलं तरच बाहेर काढायचं असं ठरलेलं आहे. गेल्या पावसाळ्यात एका मुलाकडे असे चार वेळा गेलो. पहिल्या दोन भेटींत तो बोललाच नाही, आम्ही क्रिकेट बघत बसलो. तिसऱ्या वेळी अर्धी भाकरी खाल्ली. चौथ्या वेळी निघताना म्हणाला, "दादा, ते शेवटी अंधार असलेलं स्तोत्र कुठलं होतं? वाचा ना."