गच्चीवरची डिश, घरातले मोबाइल: फ्री डिशचे चॅनल वायफायवर कसे आणायचे

उपग्रहावरचा टीव्ही मोबाइलला थेट पकडता येत नाही. ३६ हजार किलोमीटरवरून येणारा सिग्नल इतका क्षीण असतो की तो गोळा करायला डिश लागते, आणि डिशला आकाश मोकळं लागतं. कोरियात २००५ साली उपग्रहावरून मोबाइलवर टीव्ही देणारी सेवा सुरू झाली. तिच्यासाठी वेगळा बँड आणि खास फोन होते, तरी शहरांतून सिग्नल पकडून पुढे पाठवणारे जमिनीवरचे रिपीटर उभारावे लागले. २०१२ मध्ये ती सेवा बंद पडली. भारतात डी-टू-एम नावाने टॉवरवरून थेट मोबाइलवर प्रसारणाच्या चाचण्या झाल्या आहेत, पण त्यासाठी फोनमध्ये वेगळी चिप हवी.

घरच्या घरी मात्र हे आज करता येतं. वरचा टप्पा डिशचा, खालचा वायफायचा आणि मध्ये एक छोटा सर्व्हर, म्हणजे डिशचा सिग्नल घेऊन घरच्या नेटवर्कवर देणारा संगणक. त्या सर्व्हरपर्यंत सगळं वायरने आणायचं आणि वायफाय फक्त शेवटच्या खोलीपुरतं ठेवायचं. मुंबईच्या इमारतींत हे गणित चुकलं की मग कितीही महागडा राउटर घ्या, चित्र अडकतंच.

आधी आकाश बघा

डीडी फ्री डिश ही दूरदर्शनची मोफत सेवा. ती ९३.५ अंश पूर्वेवरच्या जीसॅट-१५ या उपग्रहावरून येते. मुंबईतून तो आग्नेयेला, उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने सुमारे १३१ अंशांवर आणि क्षितिजापासून साधारण ५७.५ अंश उंचीवर असतो. कुलाब्यापासून दहिसर-मुलुंडपर्यंत यात जाणवेल असा फरक पडत नाही.

उंची चांगली असल्यामुळे समोरचा टॉवर वाटतो तितका आडवा येत नाही. अडथळा डिशपेक्षा जितका उंच, त्याला १.५७ ने भागा. तेवढ्या अंतरापेक्षा तो लांब असेल तर सिग्नल त्याच्यावरून येतो. म्हणजे रिडेव्हलपमेंटमध्ये उठलेला टॉवर तुमच्या गच्चीपेक्षा ३० मीटर उंच असेल, तर तो १९-२० मीटरच्या पलीकडे असला की पुरे. हाच हिशेब बाल्कनीला उलटा लागतो. वरच्या मजल्याचा स्लॅब डिशपेक्षा दीड मीटर उंच असेल, तर डिश स्लॅबच्या कडेपासून एक मीटरच्या आत हवी. बाल्कनी आग्नेयेकडे तोंड करून नसेल तर हे अंतर आणखी कमी होतं. वायव्येकडच्या खिडकीतून काहीच मिळणार नाही, तिथे गच्चीच लागेल. गच्ची सामाईक असते, तेव्हा सोसायटीच्या कमिटीची लेखी परवानगी आधी घ्या.

काय काय घ्यायचं

लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात एका फेरीत बहुतेक सगळं मिळतं. ६० सेंटीमीटरची ऑफसेट डिश (घरोघरी दिसते तीच) चालते, पण पावसाळ्याचा विचार करून ७५ किंवा ९० ची घ्यावी असं आमचं स्पष्ट मत आहे. खर्चातला फरक थोडा असतो आणि जुलैत तो वसूल होतो. खारी हवा लक्षात घेऊन स्टँड आणि नटबोल्ट गॅल्व्हनाइज्डच घ्या. नुसते रंगवलेले लवकर गंजतात, आणि गंजलेल्या स्टँडवरची डिश वाऱ्याने फिरते.

एलएनबी, म्हणजे डिशसमोरच्या दांड्यावर बसणारी सिग्नल पकडणारी डबी, घेताना लेबल वाचा. त्यावर ९७५० आणि १०६०० असे दोन्ही आकडे हवेत. ट्यूनरपर्यंत (केबलमधला सिग्नल वाचणाऱ्या उपकरणापर्यंत) पोचते ती वारंवारता म्हणजे उपग्रहाच्या वारंवारतेतून हा आकडा वजा केल्यावर उरते ती. फ्री डिशच्या एका वारंवारतेतून, ११०९० मधून, ९७५० गेले की १३४० मेगाहर्ट्झ उरतात, आणि ट्यूनर ९५० ते २१५० घेतो. काही डीटीएच कंपन्यांच्या एलएनबीवर फक्त १०६०० असतं. त्यातून ४९० उरतात, म्हणजे ट्यूनरच्या कक्षेबाहेर. जुनी पडून असलेली डिश वापरताना नेमकी इथे गाडी अडते.

केबल आरजी-६, शक्यतो आतली तार पूर्ण तांब्याची. त्याच तारेतून एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्टचा पुरवठा जातो. तांब्याचा नुसता मुलामा असलेल्या पोलादी तारेत लांब अंतरावर व्होल्टेज पडतं.

सर्व्हरसाठी रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक पुरेसा आहे (पुढे त्याला नुसतं ‘पाय’ म्हटलं आहे). त्याला ५ व्होल्ट ३ अँपिअरचा अ‍ॅडॅप्टर द्या, मोबाइलचा जुना चार्जर नको. यूएसबीला जोडायचा डीव्हीबी-एस२ (उपग्रह टीव्हीच्या नव्या प्रमाणाचा; जुनं ते डीव्हीबी-एस) ट्यूनर घेताना दोन गोष्टी पाहा: लिनक्सचा, म्हणजे पायच्या प्रणालीचा, ड्रायव्हर आहे का, आणि त्याला स्वतःचा १२ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर आहे का. एलएनबीची वीज पायच्या यूएसबीतून ओढणारा ट्यूनर अधूनमधून सिग्नल सोडतो, आणि दोष मात्र डिशवर जातो.

एक ट्यूनर एका वेळी एकच ट्रान्सपाँडर (उपग्रहावरचा एक प्रसारक, त्यावर अनेक चॅनल एकत्र येतात) घेतो. त्यावरचे सगळे चॅनल कितीही मोबाइलवर एकत्र चालतात, पण आजीला एका ट्रान्सपाँडरवरचा आणि मुलांना दुसऱ्यावरचा चॅनल हवा असेल तर दोन ट्यूनर आणि ट्विन (दोन केबल निघणारी) एलएनबी लागेल. दोनांत मिळून एकच केबल वाटायचा स्प्लिटर इथे टाळा. दोन ट्यूनर एलएनबीला वेगवेगळं व्होल्टेज मागू लागले की गोंधळ होतो.

डिश लावणे

स्टँड गच्चीच्या कठड्यात किंवा स्लॅबमध्ये अँकर फास्टनरने बसवा, पण वॉटरप्रूफिंगचा थर फोडू नका. गळती झाली की पहिलं बोट तुमच्याकडे दाखवलं जाईल. कठड्याच्या बाहेर वाकून काम करू नका, आणि डिश बाहेरच्या बाजूला लटकवूही नका. दांडी स्पिरिट लेव्हल लावून अगदी उभी करा. ती तिरकी असेल तर आडवं फिरवताना उंचीही बदलत राहते आणि उपग्रह हाती लागत नाही.

दिशा मोबाइलच्या होकायंत्राने ठरवता येते, पण टाकीच्या पाइपांपासून आणि लोखंडी जाळीपासून दोन-तीन मीटर दूर उभं राहून. तिथून १३१ अंशांवर एखादी इमारतीची कड किंवा टाकी खूण म्हणून हेरा आणि डिश त्या खुणेकडे वळवा. मुंबईत चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एक अंशाचाही फरक नाही, तेव्हा आकड्यात दुरुस्ती नको. उंची ब्रॅकेटवरच्या पट्टीनुसार लावा, डोळ्यांनी नको. ऑफसेट डिशचा पृष्ठभाग प्रत्यक्ष दिशेपेक्षा वीस-पंचवीस अंशांनी खाली पाहतोय असं दिसतं.

एलएनबी दांड्यात सरळ ठेवून चालत नाही. डिशच्या मागे उभं राहून आकाशाकडे तोंड केलं, तर एलएनबी घड्याळाच्या उलट दिशेने सुमारे ४५ अंश फिरवावी लागते. म्हणजे केबलचं तोंड सहाच्या आकड्यावरून साडेचारच्या जागी येतं.

मग ट्यूनर आणि सर्व्हर चालू ठेवून (त्यांची मांडणी पुढे दिली आहे) डिश हळूहळू डावी-उजवी, एका वेळी जेमतेम अर्धा अंश, आणि प्रत्येक हालचालीनंतर चार-पाच सेकंद थांबा. ट्यूनरला सिग्नल पकडून ‘लॉक’ व्हायला तेवढा वेळ लागतो. घाईघाईने फिरवणारे उपग्रहावरून दहा वेळा जातात आणि त्यांना कळत नाही. बघायचं क्वालिटीकडे, म्हणजे सिग्नल किती स्वच्छ आहे तिकडे. स्ट्रेंग्थ भरपूर आणि क्वालिटी शून्य असेल तर डिश बहुधा शेजारच्या उपग्रहावर लागली आहे. ९१.५ अंशांवर मीसॅट आणि ९५ अंशांवर एसईएस-८ आहेत, दोन्ही जवळच. ६० सेंटीमीटरच्या डिशचा झोत तीन अंशांच्या आसपास असतो, त्यामुळे एक अंश चुकलं तरी कोरड्या दिवशी चित्र येतं. पहिल्या मोठ्या सरीला मात्र ते जातं. म्हणून लॉक झाल्यावरही क्वालिटी सर्वांत वर जाईल तिथपर्यंत उंची, दिशा आणि एलएनबी आळीपाळीने पुन्हा लावा. नट कसताना डिश किंचित सरकते, तेव्हा कसून झाल्यावर आकडा परत पाहा.

केबलच्या टोकाच्या एफ-कनेक्टरवर स्वतःलाच चिकटून एकजीव होणारी सेल्फ-अ‍ॅमलगमेटिंग टेप घट्ट ताणून गुंडाळा. घरात शिरण्याआधी केबलला खाली झोका द्या, म्हणजे पाणी तिथूनच टपकेल आणि केबलच्या वाटेने भिंतीत येणार नाही. स्टँड इमारतीच्या अर्थिंगला जोडून घ्या. हे काम इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावं.

गच्चीतून घरापर्यंत

आरजी-६ मध्ये या वारंवारतेला ३० मीटरमागे साधारण ८ डेसिबल जातात. तेवढं ट्यूनर सहज सोसतो. त्याहून बरंच लांब जायचं असेल, उदाहरणार्थ गच्ची चौदाव्या मजल्यावर आणि घर दुसऱ्यावर, तर एलएनबीनंतर लगेच लाइन अ‍ॅम्प्लिफायर लावा. तो केबलच्या खालच्या टोकाला लावला तर सिग्नलबरोबर गोंगाटही वाढतो, फायदा होत नाही. दुसरा पर्याय म्हणजे सर्व्हर लिफ्टच्या खोलीत ठेवून खाली लॅनची केबल आणणे. ती १०० मीटरपर्यंत चालते, पण उष्णता, धूळ आणि विजेचा प्रश्न येतो. शक्य असेल तोवर सर्व्हर घरातच बरा.

सर्व्हर आणि चॅनल

पायवर लिब्रइलेक ही मोफत प्रणाली घाला आणि त्याच्या अ‍ॅड-ऑनमधून टीव्हीहेडएंड सर्व्हर (चॅनल घरच्या नेटवर्कवर वाटणारा प्रोग्रॅम) बसवा. मग घरातल्या कुठल्याही ब्राउझरमध्ये पायचा आयपी पत्ता, कोलन आणि ९९८१ टाकलं की त्याचं पान उघडतं. राउटरमध्ये हा पत्ता कायमचा राखून ठेवा. नाहीतर वीज जाऊन आल्यावर तो बदलेल आणि सगळ्यांच्या मोबाइलवरची यादी निकामी होईल.

डीव्हीबी-एस प्रकारचं नेटवर्क तयार करा, ट्यूनरला ते जोडा, एलएनबी ‘युनिव्हर्सल’ निवडा. पहिला मक्स (एका ट्रान्सपाँडरची नोंद) हाताने घालायचा: वारंवारता ११०९०, पोलरायझेशन व्हर्टिकल, सिम्बॉल रेट २९५००, एफईसी ऑटो, प्रकार डीव्हीबी-एस. मात्र टीव्हीहेडएंड वारंवारता किलोहर्ट्झमध्ये मागतं आणि सिम्बॉल रेट पूर्ण आकड्यात. म्हणून दोन्हींपुढे तीन शून्यं वाढवून ११०९०००० आणि २९५००००० लिहा. ही शून्यं राहिली की स्कॅन ‘फेल’ दाखवतं आणि माणूस उगाच पुन्हा गच्चीवर चढतो. एक मक्स लागला की उपग्रहाच्या माहितीतून बाकीचे बहुधा आपोआप यादीत येतात. एमपेग-४ या नव्या चित्र-फॉरमॅटच्या चॅनलचे ट्रान्सपाँडर डीव्हीबी-एस२ प्रकारचे असतात, त्यांचा प्रकार तसा निवडा. सर्व्हिसेस मॅप करताना, म्हणजे सापडलेले चॅनल यादीत आणताना, एन्क्रिप्टेड (कुलूपबंद) चॅनल वगळा, ते इथे दिसणार नाहीत.

मोबाइलवर व्हीएलसी प्लेअर घ्या आणि त्याच पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन इंग्रजीत ‘प्लेलिस्ट’ लिहून नेटवर्क स्ट्रीम म्हणून उघडा. ब्राउझरमध्येच चॅनल लावायचा प्रयत्न करू नका. बरेच चॅनल एमपेग-२ या जुन्या फॉरमॅटमध्ये येतात आणि ब्राउझर ते वाजवत नाही. हलत्या चित्राच्या कडा कंगव्यासारख्या दिसल्या तर व्हीएलसीत डीइंटरलेस चालू करा. पायवर चित्र दुसऱ्या फॉरमॅटमध्ये बदलत बसू नका, त्याची ताकद त्यातच संपते.

वायफाय

एका चॅनलला साधारण २ ते ४ एमबीपीएस पुरतात, त्यामुळे चार मोबाइल म्हणजे काहीच भार नाही. अडचण वेगाची नसून गर्दीची आहे. दादर-परळच्या चाळीत किंवा अंधेरीच्या टॉवरमध्ये २.४ गिगाहर्ट्झवर वीस-तीस राउटर एकमेकांवर बोलत असतात. मोबाइल ५ गिगाहर्ट्झवर घ्या. पाय राउटरला लॅन केबलनेच जोडा, कारण तो वायफायवर असला तर प्रत्येक चित्र हवेतून दोनदा जातं. मल्टिकास्ट (एकच प्रवाह सगळ्यांना एकदम पाठवणं) बंद ठेवा. वायफायवर ते सर्वांत मंद दराने जातं आणि बाकीच्यांनाही अडवतं.

चित्र अडकतंय, दोष कुठे?

टीव्हीहेडएंडच्या स्टेटस पानावर ‘कंटिन्युइटी एरर’चा, म्हणजे वाटेत हरवलेल्या तुकड्यांचा, आकडा असतो. चित्र अडकताना तो वाढत असेल तर दोष वर आहे: डिश, कनेक्टर, केबल किंवा पाऊस. आकडा स्थिर असेल तर दोष वायफायचा किंवा त्या मोबाइलचा. एवढं पाहिल्याशिवाय कशालाही हात लावू नये.

मार्चच्या मध्याजवळ आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला काही दिवस, सकाळी अकराच्या सुमारास थोडी मिनिटं सिग्नल जातो. तेव्हा सूर्य नेमका उपग्रहाच्या मागे आलेला असतो. डिश हलवू नका, तो आपोआप परत येतो.

हे सगळं आपल्या घरापुरतं. शेजाऱ्यांना किंवा सोसायटीला वाटायचं ठरवलं तर १९९५ च्या केबल टेलिव्हिजन कायद्याखाली नोंदणीचा प्रश्न येतो. इंटरनेटवरूनही सर्व्हरचा ९९८१ हा पोर्ट उघडा करू नका. लोकलमध्ये दूरदर्शन पाहायचं असेल तर प्रसार भारतीचं २०२४ मध्ये आलेलं ‘वेव्ह्ज’ अ‍ॅप वापरा. आणि खासगी चॅनलच्या फ्री डिशवरच्या जागा लिलावाने १ एप्रिलपासून वर्षभरासाठी जातात, तेव्हा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सगळे मक्स एकदा पुन्हा स्कॅन करा.