अपघाताची भरपाई: कलम 164 लावायचे की 166?

मोटार वाहन कायद्यातल्या कलम 164 मध्ये चूक कोणाची हे सिद्ध करावे लागत नाही. मृत्यूला 5 लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख, रक्कम ठरलेली. हाड मोडले तर दुखापत गंभीर धरतात; खरचटणे आणि गाडीचे नुकसान यात बसत नाही. कलम 166 मध्ये समोरच्या चालकाचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो, पण रकमेला मर्यादा नाही.

आधी हिशेब मांडा. समजा, मृत व्यक्ती 32 वर्षांची, स्वतःचा धंदा, कमाई महिना 20,000. मागे पत्नी, दोन मुले, आई. वर्षाचे 2,40,000. पुढे कमाई वाढली असती म्हणून 40 टक्के मिळवले की 3,36,000. अवलंबित चार, त्यामुळे मृताच्या स्वतःच्या खर्चापोटी चौथा हिस्सा वजा: 2,52,000. वर्षाची रक्कम कितीने गुणायची तो आकडा म्हणजे गुणक; या वयाचा गुणक 16. झाले 40,32,000. निम्मी चूक मृताची ठरली तरी 20,16,000 हाती येतात.

घोळ होतो तो इथे: विमा कंपनी 164 खालची रक्कम देऊ करते, घर अडचणीत असते, सही होते. ती रक्कम स्वीकारली की 166 चा अर्ज आपोआप संपतो. म्हणून सहीआधी कागदावर कलम कोणते लिहिले आहे ते बघा. चूक उघडउघड मृताचीच असेल किंवा पुरावाच नसेल, तर मात्र 164 घ्यावे.

166 चा दावा बराचसा घटनास्थळाच्या पंचनाम्यावर उभा राहतो. ब्रेकच्या खुणा किती लांब, काचा रस्त्याच्या कोणत्या बाजूला, गाड्या कुठे थांबल्या, हे त्यात आहे का ते तपासा. सोबत एफआयआर, शवविच्छेदन अहवाल किंवा दुखापतीचा दाखला, समोरच्या गाडीची पॉलिसी, चालकाचे लायसन्स. उत्पन्नासाठी आयकर विवरणपत्रे. नसतील तर बँकेचे उतारे. अर्जाची कायद्यातली मुदत अपघातापासून 6 महिने. तो तुम्ही राहता तिथल्या दावा न्यायाधिकरणातही चालतो.

गाडी ठोकून पळाली आणि सापडलीच नाही, तर कलम 161: मृत्यूला 2 लाख, गंभीर दुखापतीला 50,000. मालक स्वतःच्याच दुचाकीवरून घसरून गेला, तर थर्ड पार्टी विमा उपयोगाचा नाही. तिथे पॉलिसीतले 15 लाखांचे वैयक्तिक अपघात कवच शोधा.