डिस्कच्या तब्येतीच्या टेबलातली १९९ नंबरची ओळ वाचताना या चुका टाळा

"काका, पाच केबली बदलल्या, तरी आकडा काय झिरो हुईना."

गेल्या महिन्यात एक पोरगं कॅबिनेट काखेत मारून कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या दुकानात आलं आणि आल्याआल्या हे बोललं. मी विचारलं, पहिली केबल बदलायच्या आधी आकडा किती होता? ४१२. आणि आता? ४१२. म्हणजे पहिल्याच केबलीला दुखणं गेलं होतं. पुढच्या चार केबली त्यानं उगाच घेतल्या. तेही माझ्याकडून नाही, समोरच्या दुकानातून.

ही चूक मी आठवड्यातून एकदा तरी बघतो. स्मार्टसीटीएल ही कमांड काळ्या पडद्यावर डॅश मोठा ए आणि डिस्कचं नाव देऊन मारली की डिस्कच्या तब्येतीचं एक टेबल येतं. त्यात १९९ नंबरला 'यूडीएमए सीआरसी एरर काउंट' असतं. नाव जुन्या चपट्या पट्टीच्या केबलींच्या काळातलं आहे, साटा म्हणजे आताची बारीक केबल आली तरी तेच राहिलं. डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यात डेटाचं प्रत्येक पुडकं जाताना त्याच्याबरोबर एक हिशेब जातो, तो सीआरसी. पलीकडे हिशेब जुळला नाही की पुडकं नाकारलं जातं, ते पुन्हा पाठवावं लागतं आणि इकडे आकडा वाढतो. फायली सहसा बिघडत नाहीत, पण काम रखडतं. हा आकडा डिस्कच्या जन्मापासूनचा असतो आणि तो कधी खाली येत नाही. गाडीचं इंजिन नवं बसवलं म्हणून मीटरवरचे किलोमीटर कमी होतात का?

म्हणून एकदा बघितलेल्या आकड्याला माझ्या लेखी किंमत नाही. आज ४१२, उद्या काम करून पुन्हा ४१२, तर विषय संपला. आज ३ आणि संध्याकाळी ९, तर कॅबिनेट उघडायचं. मी प्रत्येक कॅबिनेटच्या आतल्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवतो: तारीख, डिस्कचा सीरियल नंबर, १९९चा आकडा. पोरं हसतात. हसू देत.

सीरियल नंबर का, तर लिनक्स डिस्कांना देतो ती एसडीए, एसडीबी ही नावं मशीन रिस्टार्ट झालं की बदलू शकतात. नावावर विसंबून चांगली डिस्क काढून फेकणारे मी बघितलेत. नाव नव्हे, स्टिकर वाचा.

आता माझ्या डोक्यात जाणारी चूक: लाँग टेस्ट.

उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीच्या ऑफिसात छोटा सर्व्हर आहे. दोन डिस्का एकमेकींची नक्कल ठेवणाऱ्या, त्यावर पॅटर्नची ड्रॉइंगं आणि हिशेब. ड्रॉइंग उघडायला मिनिट मिनिट लागायला लागलं. तिथल्या पोरानं १९९ बघितलं, आकडा हजाराच्या वर, म्हणून रात्रभर लाँग टेस्ट लावली. सकाळी 'कम्प्लीटेड विदाउट एरर'. टेस्ट पास म्हणजे डिस्क आणि केबल दोन्ही ठणठणीत, असं धरून त्यानं नेटवर्कचा स्विच बदलला. फरक शून्य. मग मालक वैतागले आणि त्यांनी डिस्कच नवी आणवली. चार दिवसांत नव्या डिस्कवरही १९९ वाढायला लागलं. "नवी पण डिफेक्टिव्ह निघाली," म्हणत तिसरी मागवायच्या बेतात होते, तेव्हा मला फोन आला.

लाँग टेस्टमध्ये डिस्क आपलीच तबकडी आपल्यापुरती वाचते. सगळं तिच्या पोटात चालतं, केबलवरून डेटा येत-जातच नाही. घरात बसून स्वयंपाकघर तपासलं म्हणून बाहेरचा रस्ता चांगला ठरत नाही. टेस्ट पास झाली म्हणजे डिस्क बरी असावी, एवढंच. केबलबद्दल त्यातून काहीही कळत नाही.

मी गेलो. आधी कर्नलचा लॉग, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची नोंदवही बघितली. डिस्क आणि मदरबोर्डमधली लिंक ६ गिगाबिटवरून ३ वर आणि तिथून दीडवर आली होती. चुका फार झाल्या की लिनक्स स्वतःच वेग उतरवतो, आणि ड्रॉइंगं रखडत होती ती त्यामुळे. १९९ चा आकडा ५७ होता. मोठी फाइल कॉपी केली, ६१. मग कॅबिनेट उघडलं. आत फाउंड्रीची काळी भुकटी, हात लावला की बोटं काजळल्यासारखी. आणि दोन डिस्कांपैकी या डिस्कची डेटा केबल कनेक्टरजवळ काटकोनात दुमडून पॉवरच्या वायरींबरोबर केबल टायनं करकचून बांधलेली. कनेक्टरला क्लिपही नव्हती, बोट लावलं की हलत होता.

"हे कुणी बांधलंय?" मी जरा आवाज चढवूनच विचारलं. पोरानं काही न बोलता आतल्या बाजूची चिठ्ठी दाखवली. तारीख दोन वर्षांपूर्वीची, अक्षर माझं.

टाय कापला, क्लिपवाली नवी केबल लावली, सैल वळण देऊन सोडली. आकडा ६१. आठवड्यानं फोन करून विचारलं, ६१. केबलीचे पैसे मी घेतले नाहीत. तेव्हापासून डेटा केबलीला टाय लावत नाही. कॅबिनेट आतून केरसुणीसारखं दिसलं तरी चालेल.

कॉपी करून तपासतानाही लोक फसतात. तीच दोनशे एमबीची फाइल दहा वेळा कॉपी करतात. दुसऱ्या वेळेपासून ती रॅममधूनच वाचली जाते, वाचण्यासाठी केबलवरून काही येतच नाही. मी रॅमच्या दुप्पट तरी डेटा डिस्कवरून वाचतो. नुसता वाचतो, लिहीत नाही. डीडी या डेटा जसाच्या तसा उतरवणाऱ्या कमांडमध्ये इनपुट-आउटपुटची अदलाबदल करून गिऱ्हाइकाचा डेटा पुसणाऱ्यांना मी दुकानात ओट्यापुढं येऊ देत नाही.

घाई असेल आणि डिस्क साथ देत असेल, तर स्मार्टसीटीएललाच डॅश छोटा एल, पुढे साटाफाय असं देऊन लिंकचे वेगळे काउंटर दिसतात. हे शून्यावर आणता येतात. त्यासाठी साटाफायपुढे स्वल्पविराम आणि रिसेट. पण आधी कागदावर उतरवून घ्या. उत्साही लोक पहिलं काम रिसेटचं करतात आणि मग "आधी किती होतं?" म्हणून माझ्याकडे बघत बसतात.

व्हॅल्यूच्या रकान्यात २०० दिसलं म्हणून दोनशे चुका झाल्या असं नाही. ती कंपनीनं दिलेली गुणांची मोजणी आहे, तिथं २०० म्हणजे उत्तम. तुम्हाला हवा तो शेवटचा, रॉ व्हॅल्यूचा रकाना.

केबल, पोर्ट आणि डिस्क एकाच वेळी बदलू नका. दुरुस्त होईल, पण कशानं झालं ते कळणार नाही. दोन डिस्का असतील तर मी फक्त केबलींची अदलाबदल करतो आणि आकडा कुठं वाढतो ते बघतो.

यूएसबीच्या डबीत डिस्क असेल तर १९९ सांगतं ते डबीतल्या सर्किटपासून डिस्कपर्यंतचं. बाहेरच्या यूएसबी केबलीचा दोष त्यात येत नाही. एनव्हीएमईला, म्हणजे मदरबोर्डवर थेट बसणाऱ्या बिनकेबलीच्या डिस्कला, ही ओळच नसते, तिथं कर्नलच्या लॉगमध्ये पीसीआयच्या चुका शोधा.

कनेक्टर खोडरबरानं घासू नका. पॉलिश पेपरचं तर नावच नको. २०१९ च्या पुरानंतर ओल खाल्लेली कितीतरी मशिनं आली. ज्यांनी कनेक्टर घासून आणले होते, त्यांच्या पिनांवरचा मुलामाच गेला होता.

उलटी चूकही आहे. कधीतरी केबलीनं काम झालं की माणूस प्रत्येक दुखण्याला केबल बदलत सुटतो. त्याच टेबलातला ५ (बाद झालेल्या जागा) किंवा १९७ (वाचता न येणाऱ्या जागा) नंबर वाढत असेल तर ते तबकडीचं दुखणं आहे. आधी बॅकअप घ्या, केबलीचं नंतर बघू.

काढलेली केबल ड्रॉवरमध्ये ठेवू नका. सहा महिन्यांनी घाईच्या वेळी नेमकी तीच हाताला लागते. मी तिथल्या तिथं कात्रीनं दोन तुकडे करतो.