बांधकाम नियमावली वाचताना या चुका टाळा

"गावात 3,200 चौरस फुटांपर्यंत परवानगी लागत नाही, पेपरात आलंय." असं कुणी म्हणालं की मी आधी विचारतो, पाया खोदला का?

महाराष्ट्राच्या बांधकाम नियमावलीतली ग्रामीण भागाची ही सवलत खरी आहे, पण ती नगररचनाकाराच्या परवानगीपुरती. 1,600 चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडालाही मालकीची कागदपत्रं, मोजणी नकाशा, इमारतीचा नकाशा आणि तो नियमावलीप्रमाणे असल्याचा परवानाधारक अभियंत्याचा दाखला ग्रामपंचायतीत द्यावा लागतो. त्यापुढे 3,200 पर्यंत शुल्क भरून ग्रामपंचायतीकडून प्रारंभ प्रमाणपत्र, म्हणजे बांधकाम सुरू करण्याची परवानगी, घ्यायचं. परवानगीची पायरी कमी झाली, नियम तसेच राहिले.

आमच्या तालुक्यातल्या एका गृहस्थांनी फक्त मथळा वाचला. गावठाणाबाहेरच्या लेआउटमधला प्लॉट, गवंड्याने आखून दिलं आणि भिंत थेट हद्दीवर चढवली. सामासिक अंतर, म्हणजे हद्द आणि इमारत यांच्यात मोकळी सोडायची जागा, शून्य. स्लॅब पडला, सज्जा शेजाऱ्याच्या अंगणात आला, तक्रार गेली आणि एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना) कायद्याच्या कलम 53 ची, म्हणजे अनधिकृत बांधकाम काढण्याची, नोटीस दारावर लागली. बँकेने प्रारंभ प्रमाणपत्र मागितलं, तेही नव्हतं. ते माझ्याकडे आले तेव्हा तोडण्याखेरीज सुचवण्यासारखं फार काही उरलं नव्हतं. नकाशासाठी आठवडाभर थांबायची तयारी नसलेल्यांची अशी घरं बघून जीव तुटतो.

दुसरी चूक म्हणजे एफएसआयचा, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येईल त्याचा, तक्ता शेवटच्या रकान्यापासून वाचणं. महापालिका हद्दीत, दाट वस्तीबाहेर "एफएसआय 2 मिळतो" असं ठोकून सांगतात. तो 2 म्हणजे मूळ 1.10, प्रीमियमचा (शासनाला पैसे भरून मिळणारा) 0.50 आणि टीडीआरचा (दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला बांधकाम हक्क) 0.40, आणि तोसुद्धा 9 ते 12 मीटर रस्त्यावर. रस्ता 9 मीटरपेक्षा अरुंद असेल तर प्रीमियम आणि टीडीआरचे रकाने कोरे आहेत, 1.10 वर गाडी थांबते. मी आधी रस्त्याची रुंदी पेन्सिलने लिहितो, मग डावीकडून उजवीकडे बोट फिरवतो, खालच्या टीपा वाचतो आणि त्यानंतरच आकडा तोंडातून काढतो. टीपा न वाचता आकडा सांगणाऱ्या एजंटाला पैसे देऊ नका.

"परंतु" ने सुरू होणारा परिच्छेद वगळू नका. वरची सवलत तिथेच कापलेली असते. "च्या अधीन राहून" दिसलं की तो दुसरा नियम उघडा, तोच वरचढ ठरतो.

व्याख्या आधी वाचा. कार्पेट (भिंतींच्या आतलं वापरायचं क्षेत्र) आणि बिल्टअप (भिंतींसकट क्षेत्र) एक नव्हे.

मुंबईची डीसीपीआर (विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली) 2034 वेगळी, बहुतेक उर्वरित राज्याची युनिफाइड डीसीपीआर वेगळी. नाशिकच्या प्लॉटला मुंबईचा नियम लावू नका.

व्हॉट्सअॅपवर फिरणारी युनिफाइड डीसीपीआरची 2020 ची पीडीएफ एकटी वापरू नका, त्यानंतर बरेच फेरबदल झाले आहेत. मी नगररचना संचालनालयाच्या संकेतस्थळावरून फेरबदलाच्या अधिसूचना काढतो आणि त्या-त्या नियमाच्या पानाला टाचतो.

सातबाऱ्यावरच्या क्षेत्राला एफएसआयने गुणू नका. आधी मोजणी करून घ्या, झोन दाखला (जमीन कोणत्या वापराच्या विभागात येते त्याचा) काढा आणि रस्तारुंदीत किती जागा जाते ते बघा.