इंडोनेशिया की मलेशिया: प्लायवूड एक्सपोर्टची तुलना नीट कशी करायची

नुसते दोन देशांचे डॉलरचे आकडे शेजारी ठेवले की तुलना झाली असं बऱ्याच जणांना वाटतं, पण त्यातून कोण जास्त माल विकतंय आणि कोण जास्त भावाने विकतंय हे कळतच नाही, आणि खरा प्रश्न तर तोच असतो.

आधी कोड ठरवा. जगभर प्लायवूडचा एचएस कोड (देशोदेशींच्या व्यापारात मालाला दिलेला ठरावीक नंबर) ४४१२ आहे, पण त्यात बांबूचं प्लाय, ब्लॉकबोर्ड वगैरे सगळं येतं. वरच्या-खालच्या फेसपैकी (म्हणजे बाहेरच्या थरांपैकी) निदान एक उष्णकटिबंधातल्या लाकडाचा असेल आणि कुठलाच थर ६ मिलीमीटरपेक्षा जाड नसेल तर तो माल ४४१२३१ मध्ये जातो, आपल्याला हाच हवा. दोन्ही देशांना एकच कोड लावा, एकाचा ४४१२ आणि दुसऱ्याचा ४४१२३१ घेतला तर सगळंच फुकट.

मग युनोच्या कॉमट्रेड साइटवर जा, तिथे देशोदेशींच्या व्यापाराचे आकडे असतात. रिपोर्टरमध्ये (आकडे देणारा देश) एकदा इंडोनेशिया आणि एकदा मलेशिया, पार्टनरमध्ये (माल घेणारा) वर्ल्ड, फ्लोमध्ये एक्सपोर्ट निवडा. एकच वर्ष घेऊ नका, निदान दहा वर्षं घ्या. एफएओच्या (युनोच्या अन्न आणि शेती संघटनेच्या) साइटवर १९६१ पासूनचे आकडे मिळतात, लांबचा पल्ला बघायचा तर ते बरे, कारण इंडोनेशियाने १९८५ पासून गोल लाकडाची (न कापलेल्या ओंडक्यांची) निर्यात पूर्ण बंद केली आणि त्यानंतर तिथला प्लायवूडचा धंदा जोरात वाढला, हे दहा वर्षांच्या टेबलात कुठून दिसणार?

कॉमट्रेडचे आकडे डॉलरमध्येच असतात. पण तुम्ही त्या देशाच्या सरकारी साइटवरून रुपिया (इंडोनेशियाचं चलन) किंवा रिंगिट (मलेशियाचं चलन) यातले आकडे घेतले तर त्या त्या वर्षाच्या सरासरी दराने बदला, आजच्या दराने अजिबात नाही. १९९७ च्या मध्याला डॉलरला साधारण २,४०० रुपिया होते, जानेवारी १९९८ मध्ये ते १०,००० च्या वर गेले, आणि रिंगिट मात्र सप्टेंबर १९९८ ते जुलै २००५ डॉलरला ३.८० वर बांधलेला होता. म्हणजे त्या काळात रुपियातली उडी बघून धंदा वाढला असं म्हणाल तर साफ फसाल.

आता सगळ्यात महत्त्वाचं: किमतीला घनमीटरने भागा. समजा एका देशाने १० लाख घनमीटर माल ५० कोटी डॉलरला विकला आणि दुसऱ्याने ६ लाख घनमीटर ३६ कोटीला, तर पहिल्याचा भाव ५०० डॉलर आणि दुसऱ्याचा ६००, एकूण रकमेत मागे असलेला भावात पुढे. किलोने भागू नका शक्यतो, कारण इंडोनेशियात मेरांटी नावाच्या उष्णकटिबंधातल्या लाकडाच्या फेसखाली सेंगॉनचा कोअर (आतला थर) घालतात, सेंगॉन एकदम हलकं लाकूड, आणि कोड मात्र तोच राहतो. भावात फरक दिसला की लगेच क्वालिटीवर बोट ठेवू नका, जाडी आणि कोअर काय आहे तेही बघा. मलेशियाचा, खास करून सारावाक या राज्याचा बराच माल जपानला काँक्रीटच्या फॉर्मवर्कसाठी (काँक्रीट ओतायच्या साच्यांसाठी) जातो, त्यामुळे जपानमधली बांधकामं थंडावली की त्यांचा आकडाही खाली येतो.

शेवटी उलट बाजूने पडताळा करा. जपानने इंडोनेशिया आणि मलेशियाकडून किती आयात दाखवली ते काढा. आयातीत भाडं आणि विमा धरलेला असतो, त्यामुळे तो आकडा थोडा जास्त येणारच, पण फारच मोठा फरक असेल तर कोड, वर्ष किंवा तिसऱ्या देशामार्गे गेलेला माल यातलं काय चुकतंय ते आधी शोधा आणि मगच ग्राफ काढा.