अमेरिकेतलं पहिलं रिटर्न: एप्रिलचं काम डिसेंबरात

भारतात असताना रिटर्न म्हणजे फॉर्म १६ सीएकडे पाठवायचा आणि मोकळं व्हायचं. वर्ष मार्चला संपणार, रिटर्न जुलैत. इथे वर्ष ३१ डिसेंबरला संपतं, मुदत १५ एप्रिलची, आणि सीए लावला तरी कागद तुम्हालाच गोळा करावे लागतात. नवीन आलेली मंडळी मार्चच्या शेवटी फोन करतात तेव्हा माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "उतरलात कुठल्या तारखेला?" बहुतेकांना महिना आठवतो, तारीख नाही.

इथले कागद आपल्या पावलांनी घरी येतात. डब्ल्यू-२, म्हणजे वर्षभराचा पगार आणि कापलेला कर दाखवणारा कागद, कंपनीने ३१ जानेवारीपर्यंत द्यायचाच असतो, बँकेच्या व्याजाचा १०९९-आयएनटीही तेव्हाच येतो. तुम्ही फक्त घर बदललं असेल तर पगाराच्या पोर्टलवर आणि बँकेत पत्ता बदला, आणि डिसेंबरची शेवटची पे-स्टब उतरवून ठेवा. काम अडतं ते आपल्याच बाजूच्या गोष्टींवर: तारखा, भारतातलं व्याज आणि जोडीदाराचा करासाठीचा नंबर.

तारखांवर इतका भर का? कारण तुम्ही करासाठी 'रेसिडेंट' की 'नॉन-रेसिडेंट' हे नुसत्या व्हिसावरून नाही, दिवस मोजून ठरतं. या वर्षी निदान ३१ दिवस इथे असायला हवेत. शिवाय या वर्षीचे सगळे दिवस, गेल्या वर्षीच्या दिवसांचा एक तृतीयांश आणि त्याआधीच्या वर्षीचा एक षष्ठांश मिळून १८३ भरायला हवेत. एच-१बी वर पहिल्यांदाच १ ऑगस्टला आलात, तर डिसेंबरअखेर १५३ दिवस होतात. म्हणजे त्या वर्षी तुम्ही नॉन-रेसिडेंट, आणि रिटर्न फॉर्म १०४०-एनआर वर (रेसिडेंटचा फॉर्म नुसता १०४०). एफ-१ व्हिसावरच्या विद्यार्थ्यांचे तर पहिल्या पाच कॅलेंडर वर्षांतले दिवस धरतच नाहीत. हे दिवस का धरायचे नाहीत ते सांगणारा फॉर्म ८८४३ त्यांनी भरायचा, एक डॉलर कमावला नसला तरी. पासपोर्टवरचे शिक्के पुसट असतात, म्हणून आय-९४ च्या (अमेरिकेत प्रवेश केल्याच्या नोंदीच्या) सरकारी साइटवरून प्रवासाचा इतिहास उतरवून घ्या. मधे लग्नाकार्याला भारतात जाऊन आला असाल तर ते दिवस वजा होतात.

एक सावधगिरी इथेच सांगतो. घरोघरी वापरली जाणारी सॉफ्टवेअर्स बहुधा रेसिडेंटचा १०४० गृहीत धरून चालतात. तुम्ही बटणं दाबत जाता, रिफंड भरघोस दिसतो, आणि चुकीचा फॉर्म भरला हे दोन वर्षांनी ग्रीन कार्डच्या वेळी कळतं.

वरच्या ऑगस्टवाल्याचं लग्न झालेलं असेल तर लवकर रिटर्न भरणं उलट तोट्याचं ठरू शकतं. नॉन-रेसिडेंटला स्टँडर्ड डिडक्शन सहसा मिळत नाही (भारतीय विद्यार्थ्यांना भारत-अमेरिका कर करारामुळे मिळतं, तो अपवाद). पण अटी बसत असतील तर आल्या वर्षापासूनच रेसिडेंट धरा, असा पर्याय निवडता येतो आणि मग नवरा-बायकोचं एकत्र रिटर्नही भरता येतं. त्यासाठी पुढच्या वर्षी १८३ चा हिशोब पुरा व्हावा लागतो: १५३ चा तिसरा भाग ५१, उरले १३२, म्हणजे मेचा मध्य. तोवर एप्रिल उलटलेला. अशा वेळी फॉर्म ४८६८ भरून १५ ऑक्टोबरपर्यंत मुदत वाढवून घ्यायची. मात्र मुदत कागदांना वाढते, पैशांना नाही. कर निघत असेल तर अंदाजाने एप्रिलमध्येच भरून टाका. आणि एकत्र रिटर्न भरलं की त्या पूर्ण वर्षातला भारतातला पगारही दाखवावा लागतो, तिथे भरलेल्या कराचं क्रेडिट घेऊन. दोन्ही तऱ्हांनी गणित मांडून पाहा, मगच ठरवा.

आता भारतातली खाती. रेसिडेंट झालात की जगभरातलं उत्पन्न इथे सांगावं लागतं. एनआरई (अनिवासी भारतीयांच्या) खात्याचं व्याज भारतात करमुक्त, इथे नाही. पीपीएफचंही तेच. बँकेचं व्याजाचं प्रमाणपत्र एप्रिल ते मार्चचं असतं आणि आपल्याला हवं जानेवारी ते डिसेंबर, त्यामुळे दोन वर्षांची स्टेटमेंट्स काढून जोडाजोड करावी लागते. हे काम भारतातली बँक आणि ओटीपी यांच्या भरवशावर चालतं. तुमचा भारतातला नंबर बंद पडलेला असेल तर मार्चमध्ये डोक्याला हात लावून बसाल. डिसेंबरातच करून टाका.

त्याच बैठकीत प्रत्येक खात्यात वर्षभरात जास्तीत जास्त किती रक्कम होती तेही लिहून ठेवा. अमेरिकेबाहेरच्या सगळ्या खात्यांची मिळून शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली तर एफबार नावाचा वेगळा फॉर्म ऑनलाइन भरायचा असतो. त्यावर कर नाही, पण न भरल्याचा दंड जबर आहे. बाबांच्या एफडीवर दुसरं नाव म्हणून तुमचं नाव लावलेलं असतं ना? तीही धरायची. म्युच्युअल फंडांचे नियम फारच किचकट आहेत. एसआयपी चालू असेल तर त्यासाठी जाणकाराला पैसे द्या, तिथे कंजुषी नको.

एच-४ वर आलेल्या जोडीदाराला सोशल सिक्युरिटी नंबर नसेल तर आयटीआयएन, म्हणजे फक्त करासाठीचा नंबर, लागतो. त्याचा फॉर्म डब्ल्यू-७ रिटर्नला जोडूनच जातो आणि सोबत पासपोर्टचा पुरावा लागतो. मूळ पासपोर्ट टपालाने पाठवू नका. भारतात अचानक जायची वेळ आली तर काय करणार? मान्यताप्राप्त एजंटकडे किंवा आयआरएसच्या (इथल्या आयकर खात्याच्या) केंद्रात वेळ घेऊन पासपोर्ट दाखवता येतो. फेब्रुवारीनंतर तिथल्या वेळा पटापट भरतात.

माझं म्हणाल तर पहिल्या वर्षी उत्साहात फेब्रुवारीच्या तीन तारखेला रिटर्न पाठवून मोकळा झालो. ऑफिसात सगळ्यांना सांगितलंही. चार-पाच शेअर घेतले-विकले होते ते पार विसरलो होतो. ब्रोकरचा १०९९ महिन्याच्या मध्याला आला, नफा एकूण ११ डॉलर. त्या ११ डॉलरपायी १०४०-एक्स भरून दुरुस्ती करत बसलो. ब्रोकरचे कागद उशिरा येतात, कधी दुरुस्त होऊन पुन्हा येतात. शेअर असतील तर फेब्रुवारीअखेरपर्यंत थांबा.

पगार आणि बँकेचं व्याज एवढंच असेल, तारखा स्पष्ट असतील, तर मात्र थांबायचं कारण नाही. ई-फाइल केलेल्या रिटर्नचा रिफंड बहुतेक वेळा २१ दिवसांत येतो, आणि तुमच्या सोशल सिक्युरिटी नंबरावर दुसऱ्याच कोणी खोटं रिटर्न भरण्याआधी तुमचं पोचलेलं असतं. ई-फाइल करताना ओळख पटवायला गेल्या वर्षीचा एजीआय, म्हणजे त्या रिटर्नमधला उत्पन्नाचा एक आकडा, विचारतात. पहिल्यांदाच भरताय ना, तिथे शून्य लिहा.