ट्रायलला जाण्याआधी एक कागद मागा

मेलबर्नमध्ये टारनीट, पॉइंट कुककडच्या फुटबॉलच्या मैदानांवर शनिवारी सकाळी गेलात तर कडेला उभे राहून मराठीत ओरडणारे बाबा हमखास ऐकू येतात. ‘अरे पास दे, पास दे!’ त्यातले एक-दोन जण सामना संपला की मला गाठतात. ‘कोच म्हणतोय पोरात दम आहे. ए-लीगपर्यंत जाईल का? आम्ही काय करायचं?’ ए-लीग ही इथली सगळ्यात वरची व्यावसायिक लीग, आणि तिथवरची वाट गाडीजवळ उभ्या-उभ्या सांगून होत नाही, म्हणून इथे लिहितोय.

मी दहाव्या वर्षी, २००८ मध्ये, पुण्याहून मेलबर्नला आलो. आधी एनपीएल या ए-लीगखालच्या, राज्य पातळीच्या लीगमधला ज्युनियर संघ, मग सतराव्या वर्षी एका ए-लीग क्लबचा युवा संघ. लेफ्ट बॅक खेळायचो. पहिल्या संघाच्या सरावाला कित्येकदा बोलावणं आलं, पण पहिल्या संघाकडून सामना एकही खेळलो नाही. आज सत्तावीस वर्षांचा आहे, चौदा वर्षांखालच्या मुलांना शिकवतो, आणि जुलैच्या थंडीत उजवा गुडघा अजून ठणकतो.

लहानग्यांचं मिनीरूज, ज्युनियर लीग, वर्षाची भरमसाट फी, आठवड्यातले तीन-चार सराव हे तुम्हाला माहीत आहे. त्यात वेळ घालवत नाही. जागा किती आहेत तेवढं मात्र नीट समजून घ्या. ए-लीग २००५ मध्ये आठ क्लबांनी सुरू झाली. वीस वर्षांनीही क्लब बारा-तेराच, त्यातले दोन न्यूझीलंडचे. प्रत्येक क्लबाला पाच परदेशी खेळाडू घेता येतात. खालचा क्लब जिंकून वर चढेल अशी सोय नाही. २०२५ पासून ऑस्ट्रेलियन चॅम्पियनशिप ही दुसऱ्या फळीची राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली, साउथ मेलबर्नसारखे जुने क्लब तिच्यात आहेत आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. पण तिथूनही ए-लीगमध्ये बढती नाही. बरं, आहे तो क्लब टिकेलच असंही नाही. टारनीटमध्ये मैदान उभारणारा वेस्टर्न युनायटेड २०२५-२६ च्या हंगामात लीगमध्ये नव्हता. करार असलेले खेळाडू मोकळे झाले आणि दुसरीकडे जागा शोधू लागले. घरी हे मोकळेपणाने बोला. मुलं ऐकतात, आपल्याला वाटतं त्यापेक्षा जास्त ऐकतात.

दुसरी गोष्ट पासपोर्टची. फिफाच्या नियमानुसार अठरा पूर्ण होईपर्यंत खेळासाठी दुसऱ्या देशातल्या क्लबात जाता येत नाही, अपवाद मोजके. युरोपीय पासपोर्ट असेल तर सोळाव्या वर्षी वाट निघू शकते. इथली ग्रीक, इटालियन, क्रोएशियन घरातली मुलं आजोबांच्या गावाचे कागद शोधत असतात ते याचसाठी. आपल्याकडे तो कागद नाही. म्हणून पंधरा वर्षांच्या मुलाला ‘युरोपियन टूर’ विकणाऱ्या खासगी अकादम्यांवर माझा राग आहे. दोन आठवडे स्पेनमध्ये सराव, क्लबच्या फाटकासमोर फोटो, आणि नियमाने तो क्लब त्या वयात तुमच्या मुलाला घेऊच शकत नाही. त्या पैशात घरातल्या सगळ्यांचा चांगला आरोग्य विमा येतो. विम्याचं नाव मी उगाच घेतलेलं नाही.

२०१९ च्या मे महिन्यात युवा संघातलं माझं शेवटचं वर्ष संपलं. ड्रेसिंग रूमबाहेरच्या बोळात सहायक कोच म्हणाला, ‘जुलैत प्री-सीझनला ये. लेफ्ट बॅकची जागा अजून भरलेली नाही. बघू.’ त्या ‘बघू’वर मी घरी येऊन आईला मिठी मारली.

आता इथलं वेळापत्रक बघा, कारण सगळा घोळ तिथून सुरू होतो. ए-लीग ऑक्टोबर ते मे. एनपीएल फेब्रुवारी ते ऑगस्ट-सप्टेंबर. म्हणजे ए-लीगचा क्लब मुलाला मेमध्ये सोडतो तेव्हा एनपीएलचा हंगाम अर्धा झालेला असतो, संघ भरलेले असतात, आणि मधली नोंदणी साधारण जून-जुलैत उघडून बंद होते. मला त्या जूनमध्ये एका एनपीएल क्लबाने विचारलं होतं. सामन्याला साडेतीनशे डॉलर, शिवाय त्यांचे फिजिओ. मी नाही म्हणालो. तिथे नोंदणी केली तर ए-लीगवाल्यांना वाटेल की मी आशा सोडली, अशी माझी समजूत. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. माझंच मी ठरवलं.

जुलैत गेलो. पगार नाही, करार नाही, पेट्रोल बाबांचं. बाकीच्यांच्या सरावाच्या टी-शर्टवर आकडा होता, आम्हा ट्रायलवाल्या तिघांचे कोरे. सहा आठवडे मी जीव तोडून पळालो. जिममध्ये सगळ्यात आधी, मैदानावरून सगळ्यात शेवटी. कोणी कागद पुढे केला नाही आणि मी विचारला नाही. विचारलं तर हा कटकट्या आहे असं वाटेल ही भीती. आमच्या घरात शिकवणच तशी, आधी काम करून दाखव, मग माग. पुण्यात बाबांच्या ऑफिसात ते चाललं असेल. इथे त्याने माझा घात केला.

ऑगस्टचा दुसरा आठवडा, बुधवार. आपसातला सराव सामना, कृत्रिम गवत, सकाळचं दव. विंगरने आत कट मारला, मी वळलो. बूट गवतात रुतून राहिला आणि गुडघा वळला. ‘टक्’ असा आवाज झाला, जवळच्या दोघांनीही ऐकला. पहिला मिनिटभर फारसं दुखलं नाही. उभा राहिलो, चार पावलं चाललो, पाचव्या पावलाला गुडघा बाजूला सरकला. क्लबच्या फिजिओने बर्फाची पिशवी बांधली आणि अगदी मायेने विचारलं, ‘तुझा जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, कोण आहे?’ तेव्हा मला त्या प्रश्नाचा अर्थ कळला नाही. अर्थ असा होता की इथून पुढे माझं मी बघायचं होतं.

एसीएल, म्हणजे गुडघ्यातलं मुख्य लिगामेंट, तुटलं होतं. हॉस्पिटलच्या फॉर्मवर एक रकाना होता, एम्प्लॉयर. आईने पेन त्या रकान्यावर बराच वेळ धरून ठेवलं आणि शेवटी एक आडवी रेघ मारली.

ती रेघ किती महाग असते ते सविस्तर सांगतो, कंटाळा आला तरी वाचा. करार असलेला खेळाडू सरावात जखमी झाला तर त्याचे उपचार क्लब करतो, पगार चालू राहतो. व्हिक्टोरिया या आमच्या राज्यात कामगारांना मिळणारी अपघाताची भरपाई खेळाडूला खेळताना किंवा सराव करताना लागू होत नाही, त्यामुळे खेळाडूचा सगळा भरवसा करारावरच असतो. माझ्याकडे तोच नव्हता. एनपीएल क्लबात नोंदणी असती तर तिच्यासोबत येणाऱ्या अपघात विम्यातून फिजिओचे थोडे पैसे तरी मिळवता आले असते. त्या महिन्यात माझी नोंदणीच कुठे नव्हती. राहिला घरचा खासगी विमा. आमचा ‘बेसिक’ होता. सांध्यांच्या बांधणीची शस्त्रक्रिया ‘ब्राँझ’पासून पुढे मिळते. मग लगेच वरचा घेऊ म्हटलं, तर आधीपासून असलेल्या दुखण्याला बारा महिने थांबावं लागतं. सरकारी हॉस्पिटलात फुकट होतं, पण ज्यावाचून जीव अडत नाही अशा ऑपरेशनांची रांग लांब असते. एकवीस वर्षांच्या खेळाडूला थांबायला वेळ नसतो. बाबांनी तेरा हजार आठशे डॉलर भरले. त्या वर्षी आजीला भेटायला पुण्याला जायचं ठरलं होतं, ते राहिलं.

नऊ महिन्यांनी, मे २०२० मध्ये, सर्जनने हिरवा कंदील दाखवला. तेव्हा मेलबर्न बंद होतं. एनपीएल व्हिक्टोरियाचा तो हंगाम रद्द झाला आणि पुढचा, २०२१ चा, हंगामही पुरा झाला नाही. दोष कोणाचा नाही. पण जूनमधल्या एका ‘नाही’पासून मोजलं तर पुढचा अधिकृत सामना खेळायला मला पावणेदोन वर्षं लागली, आणि तेवढ्या वेळात माझ्या जागेवर अठरा-एकोणीस वर्षांची पोरं येऊन बसली होती.

ऑस्ट्रेलियाची स्टार स्ट्रायकर सॅम कर हिचं एसीएल जानेवारी २०२४ मध्ये तुटलं, तेही सरावातच, चेल्सीच्या मोरोक्कोतल्या शिबिरात. ती बातमी वाचून मी खूप रडलो. परत यायला तिला दीड वर्षाहून जास्त लागलं, आणि तेवढा काळ क्लब तिच्यामागे उभा राहिला. लिगामेंट माझंही तेच होतं.

तेव्हा ट्रायलचं बोलावणं आलं की मान हलवण्याआधी ईमेल करा. फोन नको, बोळातलं बोलणं नको. चार गोष्टी विचारा. ट्रायल किती दिवसांची आणि निर्णय कोणत्या तारखेला. त्या काळात दुखापत झाली तर तपासणी, ऑपरेशन आणि फिजिओचा खर्च कोणाकडे. क्लबचा विमा ट्रायलवाल्याला लागू आहे का, असेल तर कागद पाठवा. आणि या काळात माझी एनपीएलची नोंदणी चालू ठेवली तर हरकत आहे का. चौथा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण मी तो माझ्या मनातच विचारला आणि उत्तरही मनातच दिलं. घरचा विमा ब्राँझ किंवा त्यावरचा हवा, आणि तो मूल बारा-तेरा वर्षांचं असतानाच घ्या. करार झाला की त्याच आठवड्यात पीएफए या खेळाडूंच्या संघटनेचं सदस्यत्व घ्या. ‘एक अधिक एक’ असा करार असेल तर ते दुसरं वर्ष कोणाच्या मर्जीवर आहे ते वाचा. बहुतेक वेळा ते क्लबच्या हातात असतं.

एजंटबद्दल थोडक्यात. २०२३ पासून फिफाची परीक्षा आणि परवाना पुन्हा सक्तीचा झालाय. परवाना बघा. ट्रायल लावून देतो म्हणून आधी पैसे मागणाऱ्याला घरात घेऊ नका. गाणं लावून केलेल्या हायलाइट व्हिडिओंवरही माझा विश्वास नाही. चांगला कोच अख्खा सामना मागतो, त्यातही चेंडू पायात नसतानाचा भाग बघतो.

गुरू शोधायचा तर मी जुन्या क्लबातला म्हातारा माणूस शोधा म्हणेन. माझे असे एक होते, क्रोएशियन, ऑपरेशननंतर दर रविवारी सूप घेऊन घरी यायचे. अँज पोस्तेकोग्लूची गोष्ट मला त्यांनी सांगितली. पाच वर्षांचा असताना ग्रीसहून आलेला मुलगा, साउथ मेलबर्नचा कप्तान, हंगेरीच्या महान पुश्काशच्या हाताखाली १९९१ मध्ये एनएसएल ही तेव्हाची राष्ट्रीय लीग जिंकली आणि सत्ताविसाव्या वर्षी गुडघ्यानेच त्याचा खेळ थांबवला. पुढे त्याच माणसाने प्रशिक्षक म्हणून २०१५ चा आशियाई चषक ऑस्ट्रेलियाला मिळवून दिला. मी कोचिंगचा पहिला कोर्स केला तो त्या रविवारांमुळे.

आणि घाबरू नका. एकविसाव्या वर्षी सगळं संपलं असं मला वाटलं होतं, ते चूक होतं. अँड्र्यू रेडमेन कित्येक वर्षं दुय्यम गोलकीपर म्हणून बसून होता. जून २०२२ मध्ये, तेहतिसाव्या वर्षी, पेरूविरुद्ध शेवटच्या मिनिटाला मैदानात आला आणि पेनल्टी अडवून देशाला विश्वचषकात नेलं. बारावीचा अभ्यास मात्र सोडू नका. सकाळी सराव आणि दुपारी व्हीसीई, म्हणजे इथली बारावी, हे जमतं, मी केलंय. दमायला होतं, पण जमतं.

‘इथे नाही जमलं तर भारताकडून खेळेल’ असं पालक सहज म्हणतात. सहज नाही. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांच्या ओसीआय कार्डावर भारताच्या संघात घेत नाहीत. पर्थच्या रायन विल्यम्सचे आजोबा पन्नाशीच्या दशकात संतोष करंडकात मुंबईकडून खेळले होते, तरी भारताकडून खेळण्यासाठी त्याला २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट सोडावा लागला. क्लबांचं वेगळं आहे. ऑस्ट्रेलियन तिकडे खेळले आहेत, टिम केहिल जमशेदपूरला, जेम्स डोनाकी गोव्याला. पण इथे नाव कमावल्याशिवाय तिकडून कोणी बोलवत नाही.

मागच्या महिन्यात आमच्या संघातल्या एका मुलीच्या आईचा गुरुवारी रात्री फोन आला. सोमवारपासून ट्रायल, लेकीला विचारायची भीती वाटतेय. मी म्हटलं, ताई, तुमच्या नावाने लिहा, चार ओळींचंच लिहा. फोनवर बसूनच आम्ही ते लिहिलं आणि रात्री साडेनऊला पाठवलं. शुक्रवारी सकाळी दहाच्या आत उत्तर आलं, सोबत दोन पानी फॉर्म, विम्याच्या क्रमांकासकट. विचारल्याबद्दल आभारही मानले होते. तो फॉर्म काही आदल्या रात्री केलेला नव्हता. पानाच्या खाली तारीख छापलेली होती, फेब्रुवारी २०१८.